ट्विस्टसाठी बहिणीला गद्दार करू नकोस

पत्र:

"नमस्कार ताई. मी गेवराईकडची, सध्या अंबाजोगाईला बीएच्या सेकंड इयरला आहे, होस्टेलवर राहते. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला मिरजेकडं जातात, लहान भाऊ गावी आजीजवळ असतो. मी एक थ्रिलर लिहायला घेतलीय, भावाच्या वयाच्या पोरांनी वाचावी अशी. सोळा वर्षांची सुमी आणि अकरा वर्षांचा बाळू, आई-बाप कारखान्यावर गेलेले. डिसेंबरातल्या एका रात्री बाळू गोदावरीच्या पात्रात वाळूवाल्यांना एका माणसाला हायवा ट्रकखाली घालताना बघतो आणि मोबाईलवर शूटिंग करतो. वाळूवाला म्हणजे आई-बापांच्या मुकादमाचा भाऊ. मग दोघं पळतात, दोन रात्रीत चालत लातूर गाठतात, तिथून रेल्वेनं मिरज. वाटेत बाळूला साप चावतो, सुमी तोंडानं विष ओढून काढते. मैत्रीण म्हणते स्टोरी लई सरळ आहे, शेवटी सुमीच पैशासाठी बाळूला त्यांच्या हवाली करते असा ट्विस्ट दे. दुसरी म्हणते बाळूला मारून टाक, लोक रडले पाहिजेत. माझा भाऊ चौदा वर्षांचा आहे, त्यानं वही वाचली आणि नंतर बोललाच नाही, मग एकदम विचारलं, अक्का खरंच असं झालं तर तू मला सोडशील का. तेव्हापासून मला लिहवत नाहीये. काय करू?"

उत्तर:

अगं बाळा, आधी भावाला उत्तर दे, मग माझं वाच. फोन लाव, नाहीतर शनिवारी घरी जा आणि समोर बसून सांग की नाही सोडणार. दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ज्या पोराला आई-बाप दिसत नाहीत त्याच्यासाठी मोठी बहीण काय असते ते तुला मी काय सांगणार, त्याला हा प्रश्न पडणारच होता, आणि त्यानं तो पोटात न ठेवता तोंडानं विचारला ह्याचा मला फार आनंद झाला. "अरे ती गोष्टय, खरं थोडीच आहे" असं म्हणून उडवून लावू नकोस. त्याला सरळ एक वाक्य पाहिजे, ते दे.

आता ट्विस्ट. सुमीनं बाळूला विकायचं हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि त्याचं कारण गोष्टीतच आहे. सगळं पुस्तकभर जी पोरगी स्वतः उपाशी राहून भावाला खाऊ घालते ती शेवटच्या चार पानांत पैशासाठी फिरली तर वाचणाऱ्याला धक्का बसेल खरा, पण तो फसवल्याचा धक्का असेल. चांगला ट्विस्ट वाचला की माणूस मागची पानं उलटून बघतो आणि म्हणतो अरे हे तर इथंच होतं, आपल्यालाच दिसलं नाही. तुझ्या सुमीत तसं काहीच नाही, तो विचार मैत्रिणीच्या डोक्यातून आलाय, सुमीच्या नाही. आणि तू लिहितेस कुणासाठी ते पण बघ ना, गावोगाव आजीजवळ राहिलेली, हंगामी वसतिगृहात राहणारी पोरं हे वाचणार, त्यांना असलेलं एकुलतं एक माणूस त्यांना विकतं हे सांगायचं असेल तर त्याला तसंच तगडं कारण पाहिजे, मैत्रिणीला स्टोरी सरळ वाटली एवढं कारण पुरणार नाही.

पण तुझी मैत्रीण एका गोष्टीत बरोबर आहे, आत्ता गोष्ट सरळच आहे. मागं गुंड, पुढं पोरं, मध्ये साप. आणि गंमत बघ, जिथं खरी भीती आहे तिथं तू एका ओळीत निघून गेलीस. "वाळूवाला म्हणजे आई-बापांच्या मुकादमाचा भाऊ." मी ती ओळ वाचली आणि तिथंच थांबले. पोरी, तुझी कादंबरी तिथं आहे.

तुला माहीत आहे ते तुलाच सांगते, कारण तुझ्या वाचकांतल्या पुण्या-नाशिकच्या पोरांना ते माहीत नसणार आणि तुला ते गोष्टीतून सांगावं लागेल. सीझनच्या आधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायको मिळून एक कोयता, एका कोयत्याला आता लाखाच्या घरात उचल असते, त्यातून आधीचं देणं, दवाखाना, लग्न, घराचे पत्रे सगळं निघतं आणि मग पहाटेच्या अंधारात उसात उतरून, मोळ्या बांधून, गाड्या भरून ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या सीझनवर चढते. हिशोब मुकादमाच्या वहीत. म्हणजे सुमीचे आई-बाप मिरजेकडं कुठंतरी उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत राहताहेत, घरापासून शेकडो किलोमीटर लांब, आणि त्यांच्या नावापुढचा आकडा त्याच माणसाच्या खिशात आहे ज्याचा भाऊ बाळूच्या मोबाईलमध्ये दिसतोय.

आता विचार कर. बाळूला वाटतं आपण आई-बापांकडं चाललोय, तिथं पोचलो की सुटलो. सुमीला माहीत आहे की आपण मुकादमाच्याच दारात चाललोय. ती हे भावाला सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याचे पाय गळतील. प्रत्येक पावलागणिक बाळूला सुटका जवळ येतेय असं वाटतं आणि सुमीला संकट जवळ येतंय असं दिसतं, वाचणाऱ्याला दोन्ही माहीत. ह्याच्यापुढं गुंडांची जीप काहीच नाही गं. आणि सुमीची निष्ठा आता दोन्हीकडून ओढली जाते, भावाला वाचवायचं तर व्हिडिओ बाहेर गेला पाहिजे, आई-बापांना वाचवायचं तर तो दाबला पाहिजे.

मग एका रात्री तिला कुणाचा तरी फोन मिळतो आणि ती मुकादमाला फोन करते. सौदा करायला. व्हिडिओचं मेमरी कार्ड देते, आई-बापांची उचल माफ करा, त्यांना गाडीत बसवून गावी पाठवा. बाळू जागा असतो. त्याला अर्धंच ऐकू येतं, "कार्ड आमच्याकडं आहे, देते मी." एवढंच. सकाळी बाळू नाही, कार्ड नाही. मैत्रिणीला ट्विस्ट पाहिजे होता ना, तो हा, आणि सुमी कुठंही गद्दार झालेली नाही, तरी बाळूच्या डोळ्यांनी बघितलं तर झालीच आहे. त्यानंतर दोघांची भेट होईपर्यंतची पानं कुणी खाली ठेवणार नाही हे मी तुला लिहून देते.

आता रस्त्याबद्दल, कारण तिथं तू घाई केलीस. गेवराईपासून लातूर दीडशे किलोमीटरच्या पुढं आहे, अकरा वर्षांचं पोर रात्रीचं, लपतछपत, चपला तुटलेल्या, फार तर पंधरा किलोमीटर चालेल, म्हणजे दहा-बारा रात्री लागतील. आणि ह्या दहा-बारा रात्रीच तुझं पुस्तक आहे, दोन रात्रीत उरकलंस तर भावंडांमध्ये काही घडायला जागाच राहत नाही. त्यांना हायवेनं नेऊ नकोस. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून येऊन माजलगाव धरणात पडतो, कालव्याच्या कडेचा रस्ता धरला की पाणी आहे, ढाबे नाहीत, गाड्या कमी. माजलगाव ओलांडलं की धारूरकडं बालाघाटाचा डोंगर, तिथं पाणीही कमी आणि लपायलाही कमी, मग तुझं अंबाजोगाई, मग लातूर. भूगोल बघ कसा स्वतःच गोष्ट चढवत नेतोय, आधी पाण्याकाठचं सोपं, मग डोंगर, मग माणसांची गर्दी.

डिसेंबर ठेवलास ते उत्तम केलंस, ते बदलू नकोस. सुरुवात दत्तजयंतीच्या रात्री कर, मार्गशीर्षातली पौर्णिमा, पात्रात चांदणं पडलेलं, शूटिंगला जेसीबीचे आणि हायवाचे लाईट आहेतच. मग रोज चंद्र उशिरा उशिरा उगवत जातो, म्हणजे चालण्याचे पहिले तास रोज जास्त काळोखाचे. उपाशी मरायची भीती त्या दिवसांत नसते, तुरीच्या शेंगा आहेत, बोरं आहेत, ऊस आहे, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत, हुरड्याची ज्वारी तयार होत आलीय. खरी भीती थंडीची. परभणीला डिसेंबरात पारा पाचाच्या खाली गेलेला आपण ऐकतोच, उघड्या रानात दोन पोरं एका चादरीत. पहाटे चारला बाळूचे दात वाजायला लागतात आणि शेकोटी पेटवावी तर दिसेल, नाही पेटवावी तर पोरगं गारठतंय, हा निर्णय सुमीला घ्यायला लाव. असे निर्णय लिही, पाणी आधी कोण पिणार, चप्पल कुणी घालायची, खोटं कोण बोलणार. माझ्या मते भावंडांची माया ह्याच्यातूनच दिसते, मोठमोठ्या डायलॉगमधून दिसत नाही.

आणि आपलं रान रात्री रिकामं नसतं हे तुझ्यापेक्षा चांगलं कोण लिहिणार. थ्री-फेज लाईट कित्येकदा रात्रीचीच असते, लोक बॅटऱ्या घेऊन गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला येतात, एक मोटर चालू झाली की पोरांना वाटतं गाडी आली. कठडा नसलेल्या विहिरी. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला चोरून करंट, हे तर खरंच माणसं मारतं, आणि अंधारात ते दिसत नाही. बिबट्या आणायचा असेल तर आण, २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी-करमाळा भागात बिबट्यानं माणसं मारली होती, लोक संध्याकाळनंतर शेतात जायला घाबरत होते, पण मला विचारशील तर बिबट्या फक्त ऐकू येऊ दे, दाखवू नकोस.

साप मात्र आहे तसा ठेवू नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगते. एक तर थंडीत साप कमी दिसतात. दुसरं म्हणजे चावलेल्या जागी तोंड लावून विष ओढणं, ब्लेडनं कापणं, दोरीनं आवळून बांधणं हे सगळं चूक आहे, त्यानं विष निघत नाही आणि जखम वाढते, वेळ जातो तो वेगळाच. तुझं पुस्तक पोरं वाचणार आणि आपल्या भागात साप चावणं ही काय गोष्टीतली गोष्ट नाही, एखादं पोरगं सुमीनं केलं म्हणून तसंच करेल. बरोबर काय ते लिही ना, तेच जास्त थरारक आहे. चावलेला पाय हलू द्यायचा नाही, त्याला चालू द्यायचं नाही, धीर द्यायचा आणि जेवढं लवकर होईल तेवढं दवाखान्यात न्यायचं, कारण सापाच्या विषावर औषध म्हणजे दवाखान्यातली लसच. त्यात साप मण्यार निघाला तर त्याचा दंश दुखत पण नाही फारसा, झोपेत कळत नाही, सकाळी पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा कळतं. आता बघ, लपत चाललेल्या सुमीसमोर प्रश्न काय आला, भावाला चालवायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचं म्हणजे उघड्यावर यायचं. धारूरच्या पुढं हे घडलं तर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तुझ्या होस्टेलपासून जवळच असेल, जाऊन बघून ये, कॅज्युअल्टीच्या दाराशी रात्री किती माणसं असतात, नाव-गाव कोण विचारतं, कुठं लिहून घेतात. ते बघितलंस की तो प्रसंग आपोआप लिहिला जाईल.

पोरं हुशार असतात, ती विचारणार की व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे का नाही होत. ह्याचं उत्तर पहिल्या दहा पानांत दे. रिचार्ज संपलाय, किंवा पळताना मोबाईल पाण्यात पडून मेला आणि मेमरी कार्ड तेवढं वाचलं, बाळूनं ते करदोट्याच्या पुडीत बांधलंय, असं काहीतरी. बसनं का जात नाहीत हे पण विचारतील, बाईमाणसाला अर्धं तिकीट, बाळूलाही अर्धं, मग अडचण काय, तर स्टँडवर मुकादमाची माणसं उभी आहेत हे एकदा दाखव. पोलिसांचं सांभाळून लिही. सगळे विकले गेलेत असं सरसकट लिहिलंस तर वाचणारं पोरगं खऱ्या संकटात ११२ ला फोन करणार नाही. लहान मुलांसाठी १०९८ आहे, फुकट लागतो, तो नंबर पुस्तकात कुठंतरी शाळेच्या भिंतीवर लिहिलेला दिसू दे, बाळूला तो पाठ असू दे, आणि सुमीपासून तुटल्यावर त्यानं तो लावू दे. म्हणजे शेवटी सुटका घडते ती त्याच्यामुळं.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्या सारांशात बाळू नुसता ओढून नेला जातो. व्हिडिओ काढण्यापलीकडं तो स्वतः काही करत नाही, त्याला साप चावतो, त्याला वाचवलं जातं. तुझा भाऊ गप्प बसला त्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं, आपल्याला अक्का एवढंच समजते का. तुझी गोष्ट जिथं सुरू होते त्याच गोदाकाठी आपेगाव-पैठण आहे, आई-बाप गेलेली चार भावंडं तिथंच शुद्धिपत्र मागायला आली होती, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. पुढं ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा समजूत कुणी काढली, तर सगळ्यात धाकट्या मुक्तेनं. आपल्याकडची भावंडांची सगळ्यात मोठी गोष्ट हे सांगते की धाकटं पण थोरल्याला सावरतं. बाळूला एकदा तरी सुमीला सावरू दे. ती रडतेय, हरलीय, म्हणतेय परत जाऊ, आणि तो म्हणतो, "अक्का ऊठ, लई थंडी वाजायलीय, चालल्यावर गरम होतंय." एवढं पुरे.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, सोडू नकोस हं. दत्तजयंतीला निघाली तर बरोबर पंधरवड्यानं, अमावस्येला, लातूरच्या आसपास येतात. गावं ओस, सगळी माणसं रानात, कडब्याच्या खोपी, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, आणि ओळख नसलेल्या माणसालाही हाक मारून पंगतीला बसवायची रीत. इतक्या दिवसांची उपाशी लपलेली पोरं आणि दर शेतातून कुणीतरी हाक मारतंय, ये बाळा जेवायला. ह्या हाकेला ओ द्यायची की नाही, कारण त्याच गर्दीत त्यांना शोधणारा पण जेवायला बसलेला असू शकतो. तुटलेली भावंडं तिथं भेटली तर मला फार आवडेल, पण ते तुझं तू ठरव.

लातूर-मिरज रेल्वे तू घेतलीस ती पण छान. २०१६ च्या एप्रिलमध्ये ह्याच रुळांवरून मिरजेचं पाणी लातूरला आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. तू तेव्हा लहान असशील, पण घरात चर्चा ऐकली असशील. जिथून आपल्याकडं पाणी आलं तिकडंच आपली माणसं ऊस तोडायला जातात, हे सुमीच्या मनात गाडीच्या खिडकीशी एकदा येऊ दे, दोन ओळींत, त्याच्यावर भाषण नको.

बाळूला मारू नकोस. लोक रडावेत म्हणून पोर मारणं मला कधीच पटलं नाही, आणि तू ते लिहूही शकणार नाहीस, तुझ्या पत्रावरून मला दिसतंय.

राहिला तुझा भाऊ. त्याला सांग की बाळू म्हणजे तू नाहीस, आणि ते खरं पण कर, त्याच्या अंगावरच्या खुणा, त्याच्या सवयी, त्याचं घाबरणं असं काही उचललं असशील तर काढून टाक किंवा त्याला विचारून ठेव. त्याला बाळूची वाक्यं वाचून दाखव आणि विचार, अकरा वर्षांचं पोरगं असं बोलतं का रे. तुला तीन वर्षांपूर्वीचं आठवत नसेल, त्याला आठवतंय. आणि तो अर्धवट ऐकलेल्या फोनचा प्रसंग लिहून झाला की पहिल्यांदा त्यालाच दे, बाळूनं त्यानंतर काय करावं ते त्याला सांगू दे. तो जे सांगेल ते तुझ्या-माझ्यापेक्षा खरं असेल.

मुकादमाचं प्रकरण मात्र आत्ताच लिहायला घे, पाडव्याची वाट बघू नकोस. आई-बाप परत आले की वही घेऊन त्यांच्याजवळ बस आणि विचार की उचल नेमकी कशी फिटते, एका टनाला काय पडतं, खाडे कसे धरतात, मध्येच सोडून निघालं तर काय होतं. बापाला सांगायला जड गेलं तर आईला विचार, भाकरी थापता थापता ती सगळं सांगेल.